सगळ्या गरुडांचे एकच आजोबा

२० जून

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. दहावी संपेपर्यंत माझा फोन आईच्या कपाटात चादरींखाली राहणार आहे, म्हणून हा जुना मार्ग. शिवाय मी आपणहून लिहीत नाहीये. "दादाला लिही, तो तुला काहीतरी प्रेरणादायी लिहील," असं म्हणून आईने बसवलंय आणि स्वतः समोर मटार सोलत बसलीय.

झालं असं की काल शाळेत पालकसभा होती. यंदा नवे मुख्याध्यापक आलेत. त्यांनी दहावीचे तीन वर्ग पाडलेत: गरुड, राजहंस आणि पारवे. गरुडांचे फोटो काढून दारात लावलेत. पारवे नापास होतील अशी भीती असल्यामुळे त्यांना जादा तास आहेत. राजहंसांचं काय करायचं ते अजून कोणाला सुचलेलं नाही. मी राजहंस.

वर्गशिक्षिका बाबांना म्हणाल्या, "तशी बरी आहे." बाबांनी विचारलं, "बरी म्हणजे?" बाई गडबडल्या. म्हणाल्या, "म्हणजे बरीच." मामा, तापातून उठलेल्या माणसाला बरी म्हणतात. मला तापसुद्धा आला नव्हता. ह्याच बाई दोन वर्षं मला माझ्या बाकावरच्या दुसऱ्या मुलीच्या नावाने हाक मारतात आणि तिला माझ्या. आता आम्ही ठरवून टाकलंय, जिला आधी ऐकू येईल तिने उठायचं.

घरी येताना बाबा, दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट दुरुस्त करायला गेले की त्यांचा जसा चेहरा होतो, तसा चेहरा करून माझ्याकडे बघत होते. मग आईने तुझा विषय काढला. तू ह्याच शाळेतून बोर्डात पहिला आलास, तुझं नाव सभागृहातल्या पाटीवर सोनेरी रंगात आहे, ते रक्त माझ्यात आलं कसं नाही, वगैरे. रक्ताचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठते.

तर लिही काहीतरी. आई आधी वाचणार, तेव्हा एक पान तिच्यासाठी लिही आणि माझं वेगळं घाल.

तुझी,
भिंगरी


२ जुलै

(पान पहिलं, आईला दाखवण्यासाठी)

प्रिय भाचीस अनेक आशीर्वाद. यश हे परिश्रमरूपी वृक्षाचे गोड फळ आहे. पहाटे लवकर उठून अभ्यास करावा. ध्येयावरची नजर ढळू देऊ नये. प्रत्येकामध्ये काहीतरी विशेष दडलेले असते, ते शोधून काढावे. तुझ्या उज्ज्वल भविष्याची कामना करणारा, मामा.

(पान दुसरं)

भिंगरे,

पहिलं पान मी आज लिहिलेलं नाही. 'लहान भावंडास अभ्यासाचे महत्त्व पटवून देणारे पत्र लिहा' ह्या प्रश्नाचं ते आदर्श उत्तर आहे. 'भावंडास' खोडून 'भाचीस' केलं, एवढीच मेहनत.

आईने तुला सांगितलं असेल की मी ह्या शहरात शैक्षणिक प्रकाशनात वरिष्ठ पदावर आहे. पद वरिष्ठ आहे हे खरं, कारण कनिष्ठ कोणी नाहीच. तुमच्या दप्तरात ते जाडजूड गाईड असतं ना, 'अनुभवी शिक्षकांच्या मंडळाने तयार केलेले' असं ज्यावर छापतात? ते मंडळ म्हणजे मी, एक टेबल आणि एक पंखा. त्यात अनुभवी म्हणावा असा पंखाच.

बाकी तू राजहंसांत आहेस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दारात एकदा फोटो लागला की पुढे जन्मभर त्या फोटोसारखं दिसत राहावं लागतं.

हे पान आईला दाखवू नकोस. तिचा माझ्यावर अजून विश्वास आहे, आणि तसा माणूस आता एकच उरलाय.

मामा


११ सप्टेंबर

मामा,

आधी ते 'दडलेलं काहीतरी'. शोधलं. गाण्याचे सर म्हणाले, सुरात आहेस, पण मागच्या रांगेत उभी राहा. धावताना मी अशा जागी असते की पुढचेही दिसतात आणि मागचेही. मी काढलेलं सफरचंद सफरचंदासारखंच दिसतं, पण त्यावर कोणी काही बोलत नाही. पलंगाखालीसुद्धा बघून झालं. काहीही दडलेलं नाही. हे कोणाला सांगितलं की लोक घाबरतात आणि म्हणतात, "असं नसतं गं." असतं.

आता मुख्य गोष्ट. चाचणीत निबंध आला, 'माझे आजोबा'. मी आपल्या आजोबांवर लिहिला. त्यांची लाँड्री, मनगटावरचे इस्त्रीचे चटके, रेडिओला कोणाला हात लावू न देणं. पत्त्यांत लबाडी करायचे आणि पकडले गेले की चष्मा पुसायला घ्यायचे, तेही. शेवटी दवाखान्यात होते तेव्हा नर्सची कॉलर बघून म्हणाले होते, "ही इस्त्री कोणी केली?" आणि तोंड फिरवून झोपले. तेही लिहिलं. दहापैकी चार मिळाले. शेजारी लाल शेरा: 'भाषा बरी. अपेक्षित मुद्दे नाहीत.'

अपेक्षित मुद्दे कुठले ते कळावं म्हणून मी गरुडांचे पेपर मागून बघितले. मामा, सगळ्या गरुडांचे आजोबा एकच आहेत. पांढरीशुभ्र दाढी, हातात काठी, पहाटे फिरायला जातात, येताना फुलं आणतात, संध्याकाळी नातवंडांना बोधप्रद गोष्टी सांगतात. 'आजोबा म्हणजे आमच्या घराचा आधारवड' हे वाक्य प्रत्येकात. एका गरुडाच्या घरी आजोबांशी बोलणं बंद आहे, हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "निबंधात बोलतात ते."

मग तुझं गाईड उघडलं. पान एकशे बारा. तेच ते. म्हणजे तुझ्या खऱ्या वडिलांना चार आणि तू बनवलेल्या वडिलांना नऊ.

तुला काय वाटतं ते कळव. आदर्श उत्तर नको.

भिंगरी


२५ सप्टेंबर

भिंगरे,

आधी राग आला. ती पांढरी दाढी मी उगाच चिकटवलेली नाही. परीक्षकाकडे एका निबंधाला दोन मिनिटं असतात, आणि दोन मिनिटांत ओळखू येतील असे आजोबा लागतात. आमच्या बाबांसारख्या माणसाला निदान अर्धा तास हवा. मला तर सगळी वर्षं मिळाली आणि तरी मी त्यांना नीट ओळखलं असं म्हणवत नाही.

मी बोर्डात पहिला आलो तेव्हा पेपरात फोटो आला होता. पेपरवाल्याने अंक दारातून घडी करून टाकलेला, घडी नेमकी माझ्या नाकावर. बाबांनी पाणी शिंपडलं आणि त्या पानाला इस्त्री केली. मग दुकान उघडायला गेले. दुसऱ्या कोणी इतक्या काळजीने माझं काही सरळ केल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर मी मोठ्या कॉलेजात गेलो. तिथे प्रत्येक जण कुठून ना कुठून पहिला आलेला. आठवड्याभरात आमच्यातले निम्मे मधल्याच्या खाली गेले. गणिताला दुसरा इलाजच नव्हता. मी त्या निम्म्यांत होतो. तुला मधे बसायची सवय आहे, मला नव्हती. मी वर्गात जायचंच सोडलं आणि दुसऱ्या वर्षी सामान बांधून घरी आलो. घरच्यांनी लोकांना प्रकृतीचं कारण सांगितलं.

आणि तरी अजून, नवीन माणूस भेटला की दहा मिनिटांच्या आत मी बोर्डाचा विषय काढतो. ह्या वयात ते सांगणं म्हणजे लहानपणी मी फार गोंडस होतो असं सांगण्यासारखं आहे, हे कळतं. तरी काढतो.

असो. तुला खरोखर पहिलं यायचं असेल तर सांग. यंदाचे हमखास येणारे प्रश्न छापायला जाण्याआधी तुला पाठवतो.

मामा


९ डिसेंबर

मामा,

पहिलं यायचंय असं मी कुठे लिहिलं होतं? परत वाच. तुला कोणी काही विचारलं की ते प्रश्नपत्रिकेतच आलंय असं तुला वाटतं.

आता ऐक. मुख्याध्यापकांनी काही राजहंसांच्या घरी निरोप धाडलेत. जे सत्तर टक्क्यांच्या खाली जातील असं त्यांना वाटतं, त्यांनी शाळेतर्फे परीक्षेला न बसता बाहेरून बसायचं. पेपर तोच, केंद्र वेगळं. आईवडिलांनी संमतीपत्रावर सही करायची. म्हणजे शाळेच्या निकालात आम्ही नसणार आणि शाळेची सरासरी वर जाणार. "मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून," असं कारण दिलंय. पारवे तर सहामाहीनंतरच उडाले, त्यांच्या वर्गात आता जुने बाक ठेवतात.

त्या यादीत मी आहे. पाच वर्षं मी इथे कोणाच्या लक्षात आले नाही आणि आता एकदम अडचण झाले.

बाबा सही करायला तयार आहेत. पेपर तोच आहे ना, मग भांडायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आईने तो कागद फ्रिजवर चिकटवलाय आणि येता-जाता त्याच्याकडे बघते.

आणि आज शाळेच्या फाटकावर मोठा फलक लागला. बक्षीस समारंभ. प्रमुख पाहुणे, ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ: तू. विषय: यशाचा राजमार्ग. फोटो मिसरूड फुटण्याच्या आधीचा. मी तुझी भाची आहे हे मुख्याध्यापकांना माहीत नाही, आणि असायचं कारणही नाही. पण मी ह्या शाळेत आहे हे तुला तर माहीत होतं. निमंत्रण काही काल आलं नसेल. मला का नाही सांगितलंस?

भिंगरी


१५ डिसेंबर

भिंगरे,

तू हसली असतीस म्हणून नाही सांगितलं. इतक्या वर्षांनी मला कोणीतरी बोलावलं. मी नवीन कोट शिवायला टाकलाय, हेही सांगून टाकतो, आता हस.

संमतीपत्राचं मला खरंच माहीत नव्हतं. आईला सांग, सही करू नका. माईक माझ्या हातात असेल आणि मुख्याध्यापक शेजारच्या खुर्चीत. सगळ्या पालकांसमोर विचारतो, अर्ध्या मुलांना रस्त्यावर उतरवून हा कुठला राजमार्ग. मग बघू कोण सह्या मागतो ते.

तू पुढच्या रांगेत बस.

मामा


८ जानेवारी

मामा,

पुढच्या रांगेत गरुड बसतात. मी खांबामागे होते, पण ऐकू आलं.

कोट छान होता. पुष्पगुच्छ दिला तेव्हा लोक उभे राहिले. तू खिशातून कागद काढलास, लोकांकडे बघितलंस, कागद परत खिशात ठेवलास आणि म्हणालास, "यश हे परिश्रमरूपी वृक्षाचं गोड फळ आहे." पुढचं वाक्य माझ्या शेजारणीने तुझ्या आधी म्हटलं. सभागृहातल्या निम्म्या मुलांना ते पाठ होतं. तुझ्या डोळ्यांवर दिवे होते, नाहीतर तुला ओठ हलताना दिसले असते. मग गाडी चुकेल म्हणून तू घाईने निघालास आणि आईला लांबूनच हात केलास.

मी रडले, असं तुला कोणी सांगितलं तर ते खोटं आहे.

दुसऱ्या दिवशी आईने अर्धी रजा घेतली. दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देऊन बसवायचं तिचं काम, दाढ ठणकत असलेल्या माणसालाही ती आवाज न चढवता खाली बसवते. आम्ही तिघं मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, "हे मुलीच्याच भल्याचं आहे."

आईने विचारलं, "कुठल्या मुलीच्या?"

त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकांकडे बघितलं. बाईंनी ठामपणे माझ्या बाकावरच्या मुलीचं नाव सांगितलं.

"ती बाहेर बसलीय," आई म्हणाली. "तिच्या आईला तुम्ही आमच्यानंतर बोलावलंय."

बाई यादी चाळायला लागल्या. आई पुढे म्हणाली, "काल भाषण करून गेले ते माझे मोठे भाऊ. त्यांच्या मागोमाग मीही ह्याच शाळेतून परीक्षेला बसले. पंचावन्न टक्के पडले. मला कोणी बाहेरून बसा म्हटलं नाही, आणि माझ्यामुळे शाळेची इमारतही पडली नाही. मुलगी इथूनच बसेल."

"अहो, पण सरासरी खाली येते शाळेची."

"येऊ दे की. शिकलीय ती इथेच, मग तिचे मार्कही इथलेच."

बाबांनी सहीसाठी पेन काढून ठेवलं होतं. ते त्यांनी खिशाला लावलं आणि म्हणाले, "लिफ्ट अडकली तर आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो, साहेब. आतली माणसं जास्त आहेत म्हणून त्यांना खाली ढकलत नाही." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पण माणसं जास्त झाली तर उतरवतातच ना हो?" बाबा म्हणाले, "उतरवतात. त्यांना कुठे माहितीय?"

कळवायचं म्हणजे, बाहेर बसलेल्या त्या मुलीच्या आईनेही सही केली नाही. बाकीच्यांनी केली.

आणि आई तुझी दुसरी पानं पहिल्यापासून वाचतेय. मला कालच कळलं. तिने लिहायला सांगितलंय की तुझं ते प्रकृतीचं कारण तिला तेव्हाही पटलं नव्हतं.

भिंगरी


३० जानेवारी

भिंगरे,

कागदावर दुसरं भाषण होतं. खरंच होतं, हवं तर पाठवतो. पण लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात, आणि हे वाचलं की त्या थांबतील हे मला दिसलं. ह्याहून बरं कारण सापडतंय का ते मी इतके दिवस बघत होतो. नाही सापडलं.

पण एक काम केलंय. गाईडची नवी आवृत्ती निघतेय. एकशे बारा नंबरच्या पानावरचे आजोबा मी काढून टाकले आणि त्यांच्या जागी बाबांना घातलं, अगदी तुझ्या निबंधाबरहुकूम. लाँड्री, चटके, पत्ते, चष्मा, नर्सची कॉलर, सगळं. प्रकाशकाने आधी नाक मुरडलं, मग म्हणाला, "घ्या, हल्ली वास्तव चालतं." पुढच्या वर्षीपासून तुझ्या आजोबांना नऊ मार्क. आता तरी बोल माझ्याशी.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

काय केलंस ते कळलंय का तुला? पुढच्या वर्षी सगळ्या गरुडांचे आजोबा पत्त्यांत लबाडी करतील. हजार मुलं इस्त्रीचे चटके पाठ करतील. परीक्षक 'चष्मा पुसणे' ह्या मुद्द्याला अर्धा मार्क ठेवतील. आणि एखाद्याच्या आजोबांना खरोखर पांढरी दाढी असली, तर त्याला चार पडतील.

ते आपले आजोबा आहेत, त्यांना त्या पुस्तकातून बाहेर काढ. मला चारच असू देत.

मी अभ्यासाला बसते.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

काढले. छपाई सुरू व्हायच्या आत पोचलो. त्या पानावर आता 'माझे आजोबा' एवढं शीर्षक आहे आणि खाली नुसत्या रेघा. प्रकाशक म्हणाला, लोक ह्याला छपाईची चूक म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. त्याने मला काढलं नाही, कारण मग मंडळात एकटा पंखा राहील.

रात्र व्हायच्या आत आईला फोन केला, हिंमत जायला नको म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू कॉलेज सोडून परत आलास ना, तेव्हा घरात फक्त मलाच आनंद झाला होता. पत्ते खेळायला माणूस मिळालं म्हणून. तू कधी विचारलं नाहीस." पुढे म्हणाली, तिच्या कामाची वेळ झालीय, आणि फोन ठेवला.

पेपर नीट लिही. नीट म्हणजे काय ते मी सांगणार नाही.

मामा


१८ जून

प्रिय मामा,

निकाल लागला. एकसष्ट टक्के. आता फोन परत मिळालाय, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

शाळेची सरासरी मुख्याध्यापकांना हवी होती तिथे पोचता पोचता राहिली. गुणपत्रिका देताना त्यांनी मला नावाने हाक मारली, माझ्याच. एवढं तरी झालं. वरच्या मजल्यावरच्या काकू चेहरा पाडून भेटायला आल्या आणि किती वेळ झाला तरी 'पुढच्या वेळी' असं म्हणत होत्या. पुढची वेळ कुठली ते मी विचारलं नाही. बाबा त्यांना म्हणाले, "शंभरातलं एकसष्ट कळलंय तिला. मला ह्या लिफ्टचं एवढं कळतं असं मी शपथेवर सांगणार नाही." काकू नंतर जिन्याने गेल्या.

इतिहासात मात्र मला अठ्ठेचाळीस आहेत. 'राजाच्या पराभवाची कारणे लिहा' असा प्रश्न होता. पुस्तकात पाच कारणं दिलेली, ती मला येत होती. पण लिहिता लिहिता वाटलं, ही पाचही कारणं जिंकलेल्यांनीच तर लिहून ठेवली असणार. हरलेल्या बाजूला कोणी विचारलं होतं का? मग मी तेच लिहीत बसले. अर्धा तास त्यात गेला आणि शेवटचे दोन प्रश्न राहून गेले. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग, विचारलं होतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या दिवसापासून वाचनालयात जाऊन बघतेय. मला त्यात फार गती आहे असं समजू नकोस. सनावळ्या लक्षात राहत नाहीत, दोन राजांची नावं सारखी असली की गोंधळ होतो. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, इतक्या हळू वाचणारी मुलगी त्यांनी बघितली नाही.

काल कॉलेजात प्रवेशाला गेले. खिडकीत बसलेल्या माणसाने गुणपत्रिका बघितली, मग फॉर्म बघितला, मग चष्मा वर करून परत गुणपत्रिका बघितली.

"इतिहासात अठ्ठेचाळीस. आणि विषय इतिहासच?"

"हो."

"भूगोलात एकाहत्तर आहेत तुला. तो घे. इतिहास का?"

"आवडतो."

"विषय निवडण्याचं कारण लिहावं लागतं इथे," तो म्हणाला. "गुणवत्ता, नोकरीची संधी, कौटुंबिक व्यवसाय. 'आवडतो' असा रकाना नाही."

"'इतर' असेल."

मागची रांग कुरकुरायला लागली होती. त्याने फॉर्म उलटा केला आणि बोटाने खालपर्यंत शोधत गेला. होता. अगदी तळाला, बोटाच्या पेराएवढी जागा. त्यात त्याने 'आवडतो' लिहायला घेतलं, पण अक्षर मोठं असल्यामुळे 'आव' आत मावलं आणि 'डतो' चौकटीच्या बाहेर गेलं. त्याने ते खोडलं नाही. शिक्का मारला आणि म्हणाला, "सोमवारपासून वर्ग. पुढचे या."

भिंगरी